चारवरचा रुपया

बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सहसा कशाचं भय वाटत नाही. एक तारखेची पेन्शनरांची रांग त्याने पाहिलेली असते. ३१ मार्चची रात्र त्याने जागवलेली असते. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे पन्नास दिवस तर त्याने असे काढलेले असतात, की पुढे नरकात बदली झाली तरी तो 'भत्ता किती?' एवढंच विचारेल. मीही त्यातलाच एक. बी. कॉम., सेकंड क्लास. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे, एवढ्या एका सत्याच्या काठीवर निम्मं आयुष्य चालत आलेला माणूस. पण गेल्या वर्षी मी लॅपटॉप विकत घेतला आणि डावं-उजवं या विषयावरचा माझा आत्मविश्वास पार ढासळला.

लॅपटॉप घ्यायला कारण झाली आमची सोसायटी. कुठल्याही सोसायटीत बँकेतला माणूस राहायला आला, की त्याचं सामान टेंपोतून उतरायच्या आत त्याला खजिनदार करून टाकतात. मीही झालो. पहिली काही वर्षं हिशोब वहीत लिहिले. मग सभासद म्हणू लागले, की आता सगळं कॉम्प्युटरवर असावं. आता बँकेत मी दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतो. त्यामुळे 'त्यात काय एवढं?' असं मी म्हटलं. हे वाक्य म्हणणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, हे कथा-कीर्तनांतून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरी मी म्हटलं.

खोकं घरी आलं. चिरंजीव बारावीत असल्याने अभ्यास सोडून लगेच हजर झाले. खोक्यातून लॅपटॉप निघाला, चार्जर निघाला आणि एक घडी केलेला कागद निघाला. मी खोकं उलटं करून झटकलं.

"काय शोधताय, बाबा?"

"पुस्तक."

"कसलं पुस्तक?"

"अरे, माहितीचं. कुठलं बटण कशाचं ते लिहिलेलं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खोक्यात बैल शोधत होतो. "बाबा, आता पुस्तक वगैरे नसतं. आपोआप कळतं सगळं."

वाचकहो, माझं भांडण आहे ते या 'आपोआप कळतं'शी. आमच्या वडिलांनी रेडिओ घेतला तेव्हा त्याच्याबरोबर पुस्तिका होती. शेजारच्या नानांनी स्कूटर घेतली तेव्हा तिच्या पुस्तिकेत गिअर कसे टाकायचे, प्लग कसा साफ करायचा, सगळं चित्रांसकट होतं. नाना ती पुस्तिका संध्याकाळी ओसरीवर मोठ्याने वाचत. स्कूटर त्यांना शेवटपर्यंत नीट चालवता आली नाही, तो भाग वेगळा. पण आपल्याला काय येत नाही, हे त्यांना पान क्रमांकासह सांगता येत होतं! माझ्या लॅपटॉपबरोबर आलेल्या कागदावर एक बाण होता, एक प्लग होता, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात जगातल्या तमाम भाषांतून 'हे पाण्यात बुडवू नका' अशा धर्तीचे इशारे होते. म्हणजे काय करू नये, ते वीस भाषांत. काय करावं, ते एकाही भाषेत नाही.

मग मी आपलं स्वतःच यंत्राचं निरीक्षण सुरू केलं. डावीकडे तीन भोकं, उजवीकडे तीन. चिरंजीवांच्या मते त्यांना भोकं म्हणायचं नसतं, पोर्ट म्हणायचं असतं. पोर्ट म्हणजे बंदर. आता बंदराला दीपस्तंभ तरी असतो! इथे काळ्या अंगावर काळ्याच रंगात, मुंगीच्या पायाएवढी चिन्हं कोरलेली. मी भिंग आणलं. पोस्टाची तिकिटं जमवायचो त्यानंतर ते पहिल्यांदाच बाहेर निघालं.

उजवीकडचं एक भोक ओळखीचं निघालं. तो यूएसबीचा जुना चौकोनी प्रकार, पेन ड्राइव्ह घालतात तो. हा १९९६ साली जन्माला आला. त्याच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा, ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. तेव्हा आपल्या सयाजीरावांचा थोडा हात जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला लागलेला आहे असं मी मानतो. या पिनेचा जगप्रसिद्ध दोष म्हणजे ती पहिल्या खेपेला कधीच जात नाही. बाजू दोनच, पण तिसऱ्या प्रयत्नात जाते. भट्टसाहेबांनीच पुढे मुलाखतीत सांगितलं आहे, की दोन्ही बाजूंनी जाणारी पिन करायची तर तारा वाढल्या असत्या, खर्च वाढला असता. हे मला पटतं. खर्च वाढतो म्हणून एखादी गोष्ट केली नाही, असं सरळ सांगणाऱ्या माणसाबद्दल बँकेतल्या माणसाला आदरच वाटतो.

पुढे या यूएसबीचा वेग वाढला. २००० साली सेकंदाला ४८० मेगाबिट होता, तो २००८ साली 'यूएसबी ३.०' मध्ये ५ गिगाबिट झाला. इथपर्यंत ठीक. पण मग त्याच ३.० चं नाव बदलून '३.१ जेन १' केलं. पुन्हा बदलून '३.२ जेन १' केलं. वस्तू तीच, वेग तोच, बारसं तिसरं! आम्ही बँकवाल्यांनी विलीनीकरणं पाहिली आहेत. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी क्षेत्रातल्या दहा बँकांच्या चार झाल्या, कित्येकांच्या पाट्या बदलल्या, पासबुकं बदलली. पण तिथे निदान दोन घरांचं एक घर झालं होतं. इथे नवरा नाही, नवरी नाही, आणि उखाणा मात्र नवा.

डावीकडे दोन लहान लंबगोल भोकं होती. हे टाइप-सी. २०१४ सालचं. आत चोवीस बारीक दांडे, आणि पिन कशीही घाला, जाते. इतक्या वर्षांनी कुणीतरी शहाणपणा केला म्हणून मी आनंदाने चार्जर त्यात घातला, आणि दीड तास हिशोब लिहिला. दीड तासाने लॅपटॉप मान टाकून निजला. कारण दोन भोकं दिसायला जुळी असली तरी चार्जिंग त्यांतल्या एकातूनच होतं. दुसऱ्यातून नुसती माहिती जाते. तिसऱ्या कुणाच्या लॅपटॉपमध्ये त्यातूनच चित्रही जातं. भोकाकडे पाहून त्याला काय काय येतं हे कळायचं नाही. शेजारी विजेचं चिन्ह असलं तर? आपण डीपीच्या जाळीवर विजेची आकृती पाहत मोठे झालो. तेव्हा वीज म्हणजे वीज. पण इथे ते चिन्ह काही यंत्रांवर चार्जिंगचं असतं, आणि काहींवर 'थंडरबोल्ट' नावाच्या वेगवान जोडणीचं. एक आकृती, अर्थ दोन. असा चेक कुणी माझ्या काउंटरवर आणला असता, तर मी तो 'खुलासा करावा' असा शेरा मारून परत केला असता.

सहावं भोक आयताकृती, अगदी छोटं. त्यात काहीच जात नव्हतं. मी हेडफोन घालून पाहिला, पिन घालून पाहिली. शेवटी आमची ही म्हणाली, "अहो, त्या बिचाऱ्याला सारखं टोचू नका." पुढे कळलं, की ते कुलपाचं भोक. लॅपटॉप कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्यात कुलूप अडकवून तारेने टेबलाला बांधायचं. म्हणजे यंत्रावर जी एकच जागा अशी होती, की जिच्यातून काहीही आत-बाहेर जात नाही, तिथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. नोकरीतली सवय, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, की ही सगळी विनोदाची सामग्री झाली. यात रागावण्यासारखं काय आहे? सांगतो.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा होती. हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे. तो आमच्या आधीच्या कमिटीने घेतलेला, आणि त्याची केबल छतातून कायमची ओढून घेतलेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप घेऊन गेलो. केबल हातात घेतली. निळं तोंड, तीन रांगांत पंधरा दात, दोन बाजूंना दोन स्क्रू. व्हीजीए. १९८७ साली निघालेली, आणि दिसायलाही तेवढ्याच वर्षांची. लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला. निळ्या तोंडाचं भोक कुठेच नाही. माझ्या यंत्राला होतं एचडीएमआय. म्हणजे वधूपक्ष नि वरपक्ष दोन्ही मांडवात हजर, पण लग्न लागेना.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मागच्या रांगेतून एक सभासद म्हणाले, "हिशोब दाखवायच्या वेळीच बरं यंत्र अडतं!"

हॉल हसला. मीही हसलो. पण खरं सांगतो, ते वाक्य मला बाराव्या बरगडीत लागलं. बावीस वर्षांत माझ्या रोकडीत एकदाही खोट आली नाही. रात्री आठ वाजता एक रुपयाचा फरक शोधण्यासाठी मी कर्जत लोकल सोडली आहे. आणि पंधरा दातांच्या एका पिनेपायी तीस-चाळीस माणसांसमोर माझ्या हिशोबावर शंका घेतली गेली. तो हिशोब मी उभ्याने वाचून दाखवला. एकूण एकेचाळीस नोंदी. कुणी ऐकलं नाही. शेवटी सभा पुढच्या रविवारी घ्यायचं ठरलं.

पुढच्या रविवारी एचडीएमआयचं व्हीजीए करणारं जोडपट्टं घेऊन गेलो. जोडलं. पडद्यावर चित्र आलं. पण हिशोबाचं नव्हे. चिरंजीवांनी पार्श्वभूमीला लावलेला एक फुटबॉलपटू आला, चेंडूला लाथ मारताना. हिशोब माझ्याच पडद्यावर, आणि भिंतीवर नुसता तो. चिरंजीव मागून धावत आले, विंडोजची कळ आणि 'पी' अशा दोन कळा एकदम दाबल्या, चार पर्याय आले, त्यातला 'डुप्लिकेट' निवडला, आणि माझी अब्रू भिंतीवर उमटली. दोन कळा! आठवडाभर मी ज्यासाठी झोपलो नव्हतो, ते दोन कळांचं काम होतं. आणि त्या दोन कळांचं नाव यंत्रावर, खोक्यावर, कागदावर कुठ्ठेही छापलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी या शॉर्टकटांच्या मागे लागलो. वही घातली. तुम्हांला सांगतो, त्यात रत्नं आहेत. विंडोज आणि 'एल' दाबलं, की पडद्याला कुलूप. टेबलावरून उठताना हे दाबलंच पाहिजे. आल्ट-टॅब, की एका कामातून दुसऱ्यात. कंट्रोल-शिफ्ट-टी, की ब्राउझरमध्ये चुकून बंद केलेलं पान परत. विंडोज आणि 'व्ही', की आधी कॉपी केलेल्या चार गोष्टींची यादी, मात्र ती सोय एकदा चालू करून ठेवावी लागते. आणि सगळ्यांचा राजा कंट्रोल-झेड. केलेलं न केलेलं करणारा! कट-कॉपी-पेस्टची ही पद्धत १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. टेस्लर २०२० साली वारले. झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा डाव्या हाताखाली ओळीने शेजारी-शेजारी आहेत. उजवा हात माउसवर राहतो, डावा काम करतो. याला म्हणतात माणसाचा विचार. आमच्या बँकेत एक चुकीची नोंद उलटवायची तर अधिकाऱ्याची मंजुरी लागते, कारण लिहावं लागतं, आणि साहेब 'पुन्हा?' असं म्हणतात ते वेगळंच.

दुसरे एक गृहस्थ डेव्हिड ब्रॅडली. १९८१ च्या आयबीएम पीसीवर काम करणारे इंजिनिअर. यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी त्यांनी कंट्रोल, आल्ट आणि डिलीट अशा तीन कळा ठरवल्या. का? तर त्या एकमेकींपासून लांब होत्या, चुकून एकदम दाबल्या जाऊ नयेत म्हणून. बघा, किती मर्यादशील विचार! आणि आता माझ्या लॅपटॉपवर यंत्र बंद करायचं बटण कुठे आहे? डिलीटच्या शेजारी. तशीच चौकोनी कळ, तोच रंग, तेवढाच आकार. एक अक्षर खोडायला जावं, तर पडदा काळा. घरात मिठाचा आणि साखरेचा डबा एकसारखा घेऊन शेजारी-शेजारी ठेवण्यासारखं आहे हे. आणि तसे ठेवले तरी आमची ही त्यावर चिठ्ठ्या चिकटवते. "डब्यावर नाव लिहायला काय जातं?" हा तिचा साधा प्रश्न. तो तिने कुठल्या कंपनीच्या मुख्य अभियंत्याला विचारावा अशी माझी फार इच्छा आहे.

आता मुख्य दुखणं सांगतो. माझ्या लॅपटॉपला उजवीकडचा आकड्यांचा चौक नाही. सात-आठ-नऊ वर, एक-दोन-तीन खाली, आणि पाचावर बोटाला कळावा असा एक उंचवटा. तो चौक म्हणजे कारकुनाची वीणा! त्यावर माझी बोटं डोळे मिटून चालतात. 'जागा नव्हती' असं दुकानदाराने सांगितलं. बरं, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसाला जागा नसल्याचं दुःख समजतं. मी गप्प बसलो. मग चिरंजीवांनी सांगितलं, की २०२४ पासून विंडोजच्या नव्या लॅपटॉपांवर एक नवीन कळ आली आहे, कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाला हाक मारायची. पुष्कळ ठिकाणी ती उजव्या कंट्रोलच्या जागी बसवली आहे. १९९४ साली विंडोजची कळ आली, त्यानंतर तीस वर्षांनी कळफलकात झालेला हा मोठा बदल. म्हणजे जागा होती! आकड्यांना नव्हती. मागितलं ते मिळालं नाही, आणि न मागितलेलं मांडीवर आणून ठेवलं.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे रुपया. आपल्या रुपयाला १५ जुलै २०१० रोजी स्वतःचं चिन्ह मिळालं. उदय कुमार यांनी काढलेलं. देवनागरी 'र'ला शिरोरेघ आणि खाली दुसरी रेघ. त्या दिवशी मला उगाचच पगारवाढ झाल्यासारखं वाटलं होतं. माझ्या लॅपटॉपवर ते चिन्ह छापलेलं आहे, चारच्या कळीवर, उजव्या कोपऱ्यात. मी चार दाबलं, चार आला. शिफ्टसकट दाबलं, डॉलर आला! पुन्हा दाबलं, पुन्हा डॉलर. सोसायटीच्या पाणीपट्टीचा हिशोब डॉलरमध्ये होऊ लागला. आल्ट दाबून पाहिलं, काही नाही. मी अर्धा तास त्या कळीवर छापलेल्या रुपयाकडे बघत बसलो. डोळ्यांसमोर रुपया आहे, आणि हाताला लागत नाही. हा अनुभव मध्यमवर्गाला नवा नाही, पण इतका स्पष्ट कधी आला नव्हता.

उत्तर असं. आल्ट दोन आहेत. डावा आणि उजवा. रुपया उजव्यालाच मिळतो. उजवा आल्ट आणि चार. पण तेही कळफलकाची मांडणी 'इंग्लिश, इंडिया' असेल तरच. माझी मांडणी अमेरिकेची लावलेली होती. ती आधी घालायची, मग विंडोज आणि स्पेस दाबून निवडायची, मग उजवा आल्ट, मग चार. भारतात विकलेल्या यंत्रावर, भारतात छापलेला रुपया उमटवण्यासाठी आधी अमेरिकेतून परत यावं लागतं!

यावर चिरंजीवांचं म्हणणं, "बाबा, नेटवर शोधायचं ना. सगळं असतं." असतं, मान्य. पण शोधायला नाव माहीत लागतं. ज्याला 'पोर्ट' म्हणतात हे ठाऊक नाही, त्याने काय शोधावं? 'लॅपटॉपचं भोक'? मी शोधलं होतं. काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरं म्हणणं, की यंत्र पातळ हवं तर भोकं कमी होणारच. हेही काही अंशी खरं आहे. नेटवर्कच्या जाड केबलचं भोक आजच्या पातळ लॅपटॉपच्या कडेपेक्षा उंच असतं, ते बसणार कुठे? कमी करा, माझी ना नाही. पण जे ठेवलंत त्याच्यावर नाव लिहायला जाडी किती लागते? शाईची जाडी ती किती! आणि पूर्वी काय होतं? मेनू उघडला, की प्रत्येक कामापुढे त्याचा शॉर्टकट छापलेला असायचा. अक्षराखाली रेघ असायची, की आल्टबरोबर हे दाबा. रोज पाहून पाहून माणूस शिकायचा. आता ती रेघ आल्ट दाबल्याशिवाय दिसत नाही, आणि कित्येक ठिकाणी तर मेनूच दिसत नाही. म्हणजे ज्ञान होतं ते झाकून ठेवलं, आणि न दिसणाऱ्याला अडाणी ठरवलं. 'आपोआप कळतं' या वाक्याचा खरा अर्थ 'नाही कळलं तर दोष तुमचा' असा आहे.

कॅमेऱ्याचंच घ्या. एकदा बहिणीशी बोलायला बसलो, तर माझ्या जागी तिला नुसता अंधार. दोन दिवस झटापट केली. मग एका दुकानात नेला. तिथल्या पोराने नखाने कॅमेऱ्यावरची राईएवढी झडप बाजूला सारली आणि तीनशे रुपये घेतले. काम एका नखाचं, पैसे माझ्या न विचारण्याचे. कारण दोन दिवसांत मी चिरंजीवांना विचारलं नव्हतं. का नाही विचारलं? कारण आदल्या आठवड्यात ते म्हणाले होते, "बाबा, तिथेच तर आहे. दिसत नाही का?"

हे वाक्य कुठेतरी ऐकलंय, असं मला सारखं वाटत होतं. आठवलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. ते वाक्य माझंच होतं.

आमच्या शाखेत पासबुक छापायचं यंत्र आहे. पासबुकावरचा बारकोड दिसेल अशा बाजूने ते आत सारायचं. एक काका येतात, पंच्याहत्तरीचे असतील. चश्म्याला दोरी. त्यांनी पासबुक घातलं, यंत्राने बाहेर टाकलं. उलटं घातलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे आले.

"साहेब, हे कसं घालायचं असतं?"

आणि मी, समोरचा व्हाउचर न सोडता, मान वर न करता म्हणालो होतो, "काका, तिथे लिहिलंय ना."

काका 'बरं' म्हणाले आणि गेले. पासबुक न छापता. पुढे दोन महिने ते यंत्रापाशी कधी दिसले नाहीत. मी मनात म्हटलं होतं, चला, शिकले वाटतं.

कॅमेऱ्याच्या तीनशे रुपयांनंतर दुसऱ्या दिवशी मी काउंटरच्या बाहेर येऊन त्या यंत्रासमोर उभा राहिलो. बावीस वर्षांत ग्राहकाच्या बाजूने शाखा पाहण्याची ही माझी पहिलीच वेळ. तिथे खरंच लिहिलेलं होतं. इंग्रजीत. माझ्या कमरेच्या उंचीवर. आणि ते स्टिकर इतक्या हातांनी पुसलं गेलं होतं, की त्यातला बाण तेवढा शिल्लक होता, तोही अर्धा. मला माझ्या लॅपटॉपबरोबर आलेला कागद आठवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं : 'पासबुक उघडा. काळ्या रेघांची बाजू वर. असं आत सारा. बाहेर आलं तर घाबरू नका, काउंटर तीनवर विचारा.' खाली चित्र काढलं. चित्रातलं पासबुक मिठाईच्या पुड्यासारखं दिसत होतं, पण बाजू बरोबर होती. डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलं. साहेब आले, म्हणाले, "अहो, यंत्राची शोभा जाते." मी म्हटलं, "साहेब, शोभा राहिली आणि काका गेले." साहेब काही बोलले नाहीत. कागद अजून आहे. काउंटर तीनवर रोज पाच-सहा जण विचारायला येतात, तेव्हा माझा चहा गार होतो. होऊ दे. काकाही आले एक दिवस. कागद वाचला, पासबुक बरोबर घातलं, आणि घरघर आवाज करत ते छापून आलं, तेव्हा माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली. दोन महिने ते मुलाला सुट्टी मिळेल त्या शनिवारची वाट बघत होते, असं मागाहून कळलं. स्वतःच्याच खात्यात किती पैसे आहेत ते पाहण्यासाठी.

तेव्हा मंडळी, मी युनियनचा माणूस आहे, नुसती तक्रार करून उठणार नाही. मागणीपत्र सादर करतो. मागणी पहिली : प्रत्येक भोकापुढे त्याला काय येतं आणि काय येत नाही ते वाचता येईल अशा अक्षरात लिहा. मागणी दुसरी : बंद करायचं बटण डिलीटपासून किमान चार बोटं दूर न्या, मिठासाखरेचा नियम म्हणून. मागणी तिसरी : खोक्यात एक पातळ पुस्तिका द्या, मराठीतही, वीस शॉर्टकट एका पानावर. कागदाचा खर्च लावा बिलात, आम्ही देऊ. कॅमेऱ्याच्या झडपेला तीनशे दिलेच आहेत. मागणी चौथी : ज्या कळीवर रुपया छापला, त्या कळीतून रुपया आला पाहिजे. आणि मागणी पाचवी कंपन्यांकडे नाही, ती काउंटरच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्या आपणा सगळ्यांकडे आहे, माझ्यासकट आणि चिरंजीवांसकट. कुणी विचारलं, तर 'तिथे आहे ना' म्हणू नका. उठा, आणि बोट ठेवून दाखवा.

मागण्या मान्य होईपर्यंत आमच्या घरापुरती अंमलबजावणी सुरू झाली आहे. हिने डब्यांच्या उरलेल्या चिठ्ठ्या दिल्या. आता लॅपटॉपच्या डाव्या कडेला 'चार्जर इथे', शेजारी 'इथे नाही', कुलपाच्या भोकाला 'टोचू नये' आणि बंद करायच्या बटणावर 'विष' असं चिकटवलेलं आहे. चिरंजीवांना मित्रांसमोर लाज वाटते. परवा त्यांना कॉलेजच्या कामासाठी रुपयाचं चिन्ह हवं होतं. बराच वेळ खुडबुड चालली होती. शेवटी आतून आवाज आला, "बाबा, तो रुपया कसा काढायचा हो?"

'तिथे आहे ना' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण गिळले. उठलो, आणि उजव्या आल्टवर बोट ठेवून दाखवलं.